चित्र लिहिणाऱ्या स्त्रिया

बिहार राज्याच्या उत्तर भागात, गंगा नदी आणि नेपाळची तराई यांच्या दरम्यान, मिथिला नावाचा प्राचीन प्रदेश पसरलेला आहे. जनक राजाचा आणि सीतेचा देश म्हणून पुराणांत त्याची ख्याती आहे. भूमी सपाट आणि सुपीक. पण हिमालयातून उतरणाऱ्या नद्यांना पूर आला, की गावेच्या गावे पाण्याने वेढली जातात, आणि एखाद्या वर्षी पाऊस रुसला, की त्याच शेतांना भेगा पडतात. तळी मात्र गावोगाव आहेत. तळ्यांत मासे, कमळे आणि मखाणे. काठाशी बांबूची बेटे आणि आमराया. येथील लोकांची भाषा मैथिली.

या भाषेतील एक शब्दप्रयोग मोठा विचार करण्यासारखा आहे. मिथिलेतील स्त्री भिंतीवर चित्र काढू लागली, म्हणजे ती 'काढते' असे कोणी म्हणत नाही; ती 'लिहिते' असे म्हणतात. या कलेला तेथे 'लिखिया' असेच नाव आहे. संस्कृत भाषेतही चित्र लिहिलेच जाते. उषेने स्वप्नात पाहिलेला राजपुत्र कोण, हे ओळखण्यासाठी तिच्या सखीने अनेक राजपुत्रांची चित्रे काढून दाखविली, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. त्या सखीचे नावच चित्रलेखा. परंतु चित्रलेखा ही राजकन्येची सखी होती. मिथिलेतील ज्या स्त्रियांनी हे लेखन पिढ्यान्‌पिढ्या केले, त्यांतील बहुतेकींना एका अक्षराचीही ओळख नव्हती. पाटी आणि पेन्सील त्यांच्या हाती कोणी दिलीच नव्हती. त्या भिंतीवर लिहीत, अंगणात लिहीत. आणि जे लिहीत, ते आपल्या आईने व आजीने लिहिलेले असे.

लग्न ठरले, की वधूच्या घरातील एक खोली नवदांपत्यासाठी सारवून स्वच्छ करीत. तिला 'कोहबर' म्हणतात. घरातील व शेजारच्या जाणत्या स्त्रिया एकत्र जमत आणि गाणी गात गात त्या खोलीच्या भिंतीवर चित्र मांडीत. मध्यभागी बांबूचा सरळ उंच दांडा, त्याच्या भोवती कमळाची गोल पाने, आणि मोकळ्या जागेत मासे, कासवे, पोपट, सूर्य व चंद्र. बांबूचे बेट जसे वाढत जाते आणि कमळांनी तळे जसे भरून जाते, तसा या दोघांचा संसार वाढावा, हा त्या चित्राचा अर्थ. सणावारी अंगणात तांदळाच्या ओल्या पिठाने बोटांनी रेखाटने करीत. त्यांना 'अरिपन' म्हणतात. आपल्याकडील रांगोळीचीच ती बहीण. फरक इतकाच, की रांगोळी कोरडी, तर अरिपन ओले.

रंग घरचेच असत. हळदीचा पिवळा, निळीचा निळा, तांदळाच्या पिठाचा पांढरा, वेलींच्या पानांचा हिरवा, आणि दिव्याच्या काजळीचा काळा. बांबूच्या काडीचे टोक ठेचून अथवा तिला कापसाची वात गुंडाळून लेखणी तयार करीत. ब्राह्मणांच्या घरी आकृतीत रंग भरण्याची रीत असे. तिला 'भरनी' हे नाव पडले. कायस्थांच्या घरी रंगापेक्षा बारीक रेषांवर भर असे; ती 'कचनी'. काही वर्षे लोटली, की भिंत पुन्हा सारवली जाई आणि चित्र मातीखाली जाई. नव्या लग्नाला नवे चित्र. ते कोणी लिहिले, हे विचारण्याची पद्धत नव्हती, आणि लिहिणारीनेही त्याच्या कोपऱ्यात कधी आपले नाव घातले नाही.

घराबाहेरच्या जगाला या चित्रांचा पत्ता लागला, तो एका आपत्तीमुळे. १५ जानेवारी १९३४ रोजी उत्तर बिहारात फार मोठा भूकंप झाला. त्या वेळी विल्यम आर्चर नावाचा इंग्रज अधिकारी मधुबनीच्या कारभारावर होता. पडझडीची पाहणी करीत तो गावोगाव फिरू लागला, तेव्हा मोडलेल्या भिंतींमधून घरांच्या आतल्या खोल्या उघड्या पडलेल्या त्याला दिसल्या. आणि त्या खोल्यांच्या भिंतींवर ही चित्रे होती. त्याने त्यांची छायाचित्रे घेतली. पुढे १९४९ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या 'मार्ग' या नियतकालिकात त्याने या कलेवर लेख लिहिला. विद्वानांनी तो वाचला. ज्यांनी चित्रे काढली होती, त्यांच्या दिनक्रमात मात्र काही फरक पडला नाही.

फरक पडला, तो दुसऱ्या आपत्तीने. १९६६-६७ साली बिहारात भीषण दुष्काळ पडला. शेते करपली, मजुरी संपली. अशा वेळी स्त्रियांना घरबसल्या चार पैसे कसे मिळतील, याचा विचार अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाच्या पुपुल जयकर यांनी केला, आणि मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना कागद व रंग देऊन मधुबनीकडे पाठविले. कुलकर्णी हे मराठी गृहस्थ. भाषा परकी, गाव परका, आणि ज्या स्त्रियांशी बोलावयाचे, त्या पडद्यात राहणाऱ्या. कोहबराचे चित्र कागदावर काढावयाचे, आणि तेही विकण्यासाठी, ही कल्पनाच त्यांना चमत्कारिक वाटली. प्रथम फार थोड्या जणी पुढे आल्या. जितवारपूर गावच्या जगदंबा देवी व सीता देवी या त्यांतील दोघी. त्यांची चित्रे दिल्लीस गेली व विकली गेली. मग घरोघरी कागद जाऊ लागला. हेच भास्कर कुलकर्णी पुढे ठाणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात वारली लोकांमध्ये जाऊन राहिले. लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम तेथेही सवाशिणींचेच होते. वारली चित्रे आज जगभर पाहावयास मिळतात, याचे काही श्रेय त्यांना आहे. तो भाग आता पालघर जिल्ह्यात येतो.

भिंत सोडून चित्र कागदावर आले, यात वरवर पाहता मोठे काही घडले नाही. परंतु कागद आणि भिंत यांत एक महत्त्वाचा भेद आहे. भिंतीवर काय लिहावयाचे, हे लग्नकार्य ठरविते. कोऱ्या कागदाला असे कोणतेच बंधन नाही. कोहबर झाले, राम-सीता झाली, कृष्ण झाला. आता पुढे काय, हा प्रश्न कागदच विचारू लागला. काही स्त्रियांनी त्याचे उत्तर शोधिले, ते स्वतःच्या आयुष्यात.

गंगादेवी या त्यांतील एक. त्यांचा जन्म १९२८ साली एका कायस्थ कुटुंबात झाला. बारीक रेषांचे लेखन त्या लहानपणी आईजवळ शिकल्या. लग्न होऊन त्या रशीदपूर गावी आल्या. परंतु संसाराचे सुख त्यांना लाभले नाही. पतीने दुसरे लग्न केले आणि गंगादेवींच्या वाट्याला उपेक्षा व दारिद्र्य आले. भोजन, वस्त्र, निवारा या साध्या गोष्टींचीही भ्रांत पडावी, अशी ती स्थिती होती. जात उच्च मानलेली असली, तरी पतीने टाकलेल्या स्त्रीला त्या काळी गावात कोणते स्थान असे, हे सांगावयास नको. हातात एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे कचनीची रेषा. ती इतकी बारीक आणि इतकी निश्चल असे, की एका वितीच्या जागेत त्या अख्खी मिरवणूक मांडीत.

त्यांनी रामायण चितारले. त्यानंतर 'मानव जीवन' या नावाची चित्रमालिका काढली. तिच्यात कोणी देव नाही, कोणी राजा नाही. मिथिलेतील एका साध्या स्त्रीचे आयुष्य आहे. मूल जन्मास येते, त्याचे संस्कार होतात, मुलगी मोठी होते, तिचे लग्न होते. ज्या स्त्रीचे स्वतःचे आयुष्य मध्येच मोडून पडले होते, तिने सर्व स्त्रियांचे आयुष्य पहिल्यापासून सावकाश, एकेक रेष करून पुन्हा मांडून पाहिले. १९८४ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' हा किताब दिला. पुढच्या वर्षी भारत महोत्सवाच्या निमित्ताने त्या अमेरिकेस गेल्या. तेथील वॉशिंग्टन स्मारकाचा उंच खांब आणि जत्रेतील उंच-सखल रुळांवरून धडधडत जाणारी पाळणागाडी, हीदेखील त्यांनी मिथिलेच्या रेषेत पकडली. खेड्यातील बाईला परदेशातील नवलाईने दिपवून टाकले नाही. तिने ती नवलाईच आपल्या लेखणीत बसविली, ही त्या चित्रांची मौज.

मग आजारपण आले. कर्करोगाच्या उपचारांसाठी गंगादेवींना दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत राहावे लागले. घरापासून दूर, भोवती अनोळखी माणसे, आणि अंगात वेदना. अशा स्थितीत त्यांनी जी चित्रे काढली, ती आज त्यांच्या सर्व कामांत विशेष मोलाची मानली जातात. रुग्णालयातील खाटा, सलाईनच्या बाटल्या, डॉक्टर, औषधोपचार, हे सारे त्यांत आहे. मिथिलेच्या चित्रांत अशी वस्तू पूर्वी कोणी आणली नव्हती. आणण्याचे कारणच नव्हते. आजारी माणूस इतरांच्या हातचे बाहुले होतो. दुसरे सांगतील तेव्हा उठावयाचे, दुसरे सांगतील तेव्हा निजावयाचे. गंगादेवींनी त्या खाटेकडे चित्रकर्त्रीच्या दृष्टीने पाहिले, आणि तेवढ्यापुरती ती खाट, ती बाटली, ती वेदना त्यांच्या लेखणीच्या आज्ञेत आली. चित्रांनी रोग बरा झाला नाही. १९९१ साली त्यांचे निधन झाले. परंतु दुःख सोसणे आणि दुःख सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीमुळे पहिली काहीशी सुसह्य होते, हे ज्यांनी ती चित्रे पाहिली, त्यांना वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

अखेरच्या काळात त्यांनी दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात एक संपूर्ण कोहबर आपल्या हाताने चितारले होते. २०१५ साली संग्रहालयाच्या नूतनीकरणात त्या भिंती नाहीशा झाल्या. गावाकडचे कोहबर नव्या लग्नासाठी सारवले जाते. येथे तसे काही निमित्त नव्हते. कलाप्रेमी लोकांनी फार हळहळ व्यक्त केली.

आता एक प्रश्न राहतो. दुष्काळात कागद घरोघरी गेला खरा. पण तो कोणाच्या घरी गेला? बहुतांशी ब्राह्मणांच्या आणि कायस्थांच्या. गावाच्या कडेला राहणाऱ्या दुसाध समाजाच्या वस्तीत त्या वेळी तो फारसा पोहोचला नाही. दुसाध लोक गावात पहारा देत आणि इतरांच्या शेतांवर राबत. समाज त्यांना अस्पृश्य मानी. पाणवठा निराळा, देवळाची पायरी वर्ज्य. त्यांच्या झोपड्यांच्या भिंतींवर स्त्रिया मातीचे हत्ती-घोडे उठवीत आणि त्यांवर रंगाचा हात देत. पण मोठ्या घरांतील कोहबर म्हणजे 'कला' आणि यांचे काम म्हणजे केवळ हौस, अशी त्या काळची समजूत होती. अशा समजुती कायद्याने रद्द झाल्या, तरी मनातून निघावयास वेळ लागतो.

१९७० नंतरच्या दशकात एरिका मोझर नावाच्या जर्मन संशोधिका मिथिलेत आल्या. दुसाध स्त्रियांनीही चित्रे काढावीत, असे त्यांना वाटले, आणि त्यांनी तसे उत्तेजन दिले. परंतु काढावयाचे काय? शेजारच्या ब्राह्मण घरातील चित्रांची नक्कल केली असती, तर ती दुय्यमच ठरली असती; आणि त्या चित्रांमागील पूजा-विधी या स्त्रियांचे नव्हतेच. जितवारपूरच्या चानो देवी यांना याचे उत्तर सापडले, ते अगदी जवळ, स्वतःच्या हातापायांवर. ते होते गोंदण.

गोंदण म्हणजे काय, हे महाराष्ट्रातील मुलांना नव्याने सांगावयास नको. आपल्या आजी-पणजीच्या कपाळावर, हनुवटीवर किंवा मनगटावर हिरवट ठिपके, तुळस किंवा फूल कित्येकांनी पाहिले असेल. मिथिलेत गोंदणाला 'गोदना' म्हणतात. गावोगाव फिरणाऱ्या नट जमातीच्या स्त्रिया सुईने आणि काजळीच्या रंगाने तो काढीत. टोचताना डोळ्यांत पाणी येई. पण ते सोसावयाचे, कारण सोन्या-रुप्याचे दागिने गरिबाच्या घरी नसतात. असले, तरी ते गहाण पडतात, चोरीस जातात. गोंदण मात्र कोणी हिरावून नेऊ शकत नाही. मरणानंतरही हा एकच दागिना माणसाबरोबर जातो, अशी श्रद्धा आहे.

चानो देवींनी हा दागिना अंगावरून कागदावर उतरविला. बांबूची काडी काजळीत बुडवून त्यांनी ठिपके मांडिले, बारीक रेघा मांडिल्या. मध्ये एक झाड किंवा एक देवता, आणि तिच्या भोवती वर्तुळामागून वर्तुळ, ओळीमागून ओळ फुले, पक्षी, हत्ती, घोडे, माणसे. जवळून पाहिले, तर प्रत्येक आकृती गोंदणाएवढी लहान व साधी. दूर सरून पाहिले, तर सर्व कागद भरजरी वस्त्रासारखा भरलेला. कोणी कागदावर आधी शेणाच्या पाण्याचा पातळ हात देत. वाळल्यावर कागद सारवलेल्या भिंतीच्या रंगाचा दिसे, आणि त्यावर काळी रेघ मोठी खुले. भरनी व कचनी यांच्या जोडीला आता 'गोदना' ही तिसरी शैली उभी राहिली. पहिल्या दोन शैली मोठ्या घरांच्या भिंतींवरून आल्या होत्या. ही कष्टकरी स्त्रियांच्या देहावरून आली. भिंत परक्याची असू शकते. स्वतःचा हात परका कसा असेल?

विषयही त्यांनी आपलेच निवडले. दुसाध समाजात राजा सलहेस नावाचा वीर देवासारखा पूजिला जातो. तो शूर, न्यायी, गरिबांचा कैवारी. हत्तीवर बसून फिरणारा. त्याची गाथा लोक रात्र-रात्र गातात. नेपाळच्या सिराहा जिल्ह्यात त्याची फुलबाग आहे आणि वैशाखाच्या पहिल्या दिवशी तेथे मोठी यात्रा भरते. त्या दिवशी बागेतील एका झाडावर हारासारखी पांढरी फुले लोंबतात. सलहेसाची वाट पाहणाऱ्या माळणीने गुंफलेली ती माळ, असे भाविक मानतात. ही गाथा कोणत्याही पोथीत मिथिलेच्या पंडितांनी लिहून ठेविली नव्हती. ती केवळ गाणाऱ्यांच्या कंठात होती. चानो देवींनी आणि त्यांच्यामागून आलेल्या स्त्रियांनी ती कागदावर आणिली. हत्तीवर बसलेला सलहेस, त्याचा भाऊ मोतीराम, फुलांच्या परड्या घेतलेल्या माळणी, हे आता दूरदूरच्या संग्रहालयांत पाहावयास मिळतात. ज्यांना दुसऱ्यांच्या देवळाची पायरी चढू दिली नव्हती, त्यांनी आपला देव जगापुढे आणिला, आणि तो आणताना कोणाची परवानगी मागितली नाही.

चानो देवींनी ही कला स्वतःपुरती ठेविली नाही. वस्तीतील मुली-सुनांना त्यांनी ती शिकविली. पुढे दुसाध समाजातील चित्रकारांची एक परंपराच निर्माण झाली. २०२४ साली लहेरियागंजच्या शांती देवी आणि त्यांचे पती शिवन पासवान या दोघांना गोदना चित्रांसाठी पद्मश्री मिळाली. स्त्रियांच्या या कलेत आता पुरुषही आले आहेत, हे येथे सहज नमूद करावयास हरकत नाही.

तिसरी हकीकत रांटी गावच्या दुलारी देवी यांची. त्या मल्लाह, म्हणजे मासे धरणाऱ्या आणि नाव चालविणाऱ्या समाजातील. मल्लाहांच्या घरी चित्र लिहिण्याची परंपरा नव्हती. अंगावरचे गोंदण किंवा भिंतीवरचे कोहबर असा कोणताच वारसा त्यांच्यापाशी नव्हता. बालपण आईबरोबर परक्यांच्या शेतात भाताची रोपे लावण्यात आणि मासळी विकण्यात गेले. शाळेचे दार त्यांनी पाहिले नाही. या पाठाचे वाचक ज्या वयाचे आहेत, त्या वयात त्यांचे लग्न झाले. सासरी सुख नव्हते. एक मुलगी झाली. ती काही महिन्यांतच गेली. दुलारी देवी माहेरी परत आल्या, त्या रिकाम्या हातांनी. पोटासाठी त्यांनी लोकांच्या घरी केर काढणे, भांडी घासणे, पाणी भरणे ही कामे धरली.

ज्या घरी त्या काम करीत, ते घर महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी या नामवंत चित्रकर्त्रींचे होते. केर काढता काढता दुलारी देवींची दृष्टी कागदावर खिळे. तेथे मासा उमटत असे, कमळ उमटत असे, कोणा नवरीचा पदर उमटत असे. मासे तर त्यांनी जन्मभर हातात धरले होते. ते असेही धरता येतात, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हते. संध्याकाळी घरी गेल्या, की त्या ओल्या मातीने आणि काडीने अंगणात रेघा ओढून पाहत. कागद नाही, रंग नाही. जे आवडले नाही, ते हाताने पुसावयाचे. असे कित्येक दिवस गेले. शेवटी त्यांनी धीर करून मालकिणींना विचारले, "मला शिकवाल का?"

हा प्रश्न विचारणे किती अवघड असेल, याची कल्पना करावी. मोलकरणीने मालकिणीच्या शेजारी बसून तीच लेखणी हातात धरावयाची, ही गोष्ट त्या गावच्या रीतीत बसणारी नव्हती. परंतु त्या दोघींनी नाही म्हटले नाही. रांटीत भरलेल्या शिकवणीच्या वर्गात दुलारी देवींना जागा मिळाली आणि कर्पूरी देवींनी त्यांना मायेने घडविले. मिथिलेच्या या हकीकतीत उच्च-नीच भावाचे कितीतरी दाखले आहेत. म्हणून हा एक निराळा दाखलाही सांगितला पाहिजे.

शिकल्यावर दुलारी देवींनी काढले काय? त्यांनी राम-सीता काढली, कोहबरही काढले. पण त्यांची खरी ओळख झाली, ती त्यांच्या स्वतःच्या जगामुळे. जाळे ओढणारे मल्लाह, टोपलीत चमकणारी मासळी, कमला नदीची पूजा, पुराच्या पाण्यात अडकलेली गावे, शेतात वाकलेल्या बाया. त्यांचे रंग भडक आणि आनंदी असतात. दुःखी माणसाची चित्रे काळवंडलेलीच असावीत, असा नियम नाही. चेन्नईच्या 'तारा बुक्स' या प्रकाशनाने २०१० साली त्यांच्या आयुष्याची गोष्ट सचित्र पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध केली. त्यांनी तोंडाने ती सांगितली, आणि चित्रांनी लिहिली. केर काढणारी मुलगी, पाहून थबकलेली मुलगी, मातीत रेघा ओढणारी मुलगी, सारी त्यात आहे. जिला लोक अमक्याच्या घरची मोलकरीण म्हणून ओळखत, ती त्या पुस्तकात नायिका आहे.

पुढे त्यांनी गावातील आणि आसपासच्या कितीतरी मुलींना चित्रकला शिकविली. २०२१ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. तो सन्मान जाहीर झाला, तेव्हा वृत्तपत्रांनी एक लहानशी गोष्ट आवर्जून छापली. दुलारी देवींना वाचता येत नाही. मोठ्या प्रयासाने त्या दोनच शब्द लिहावयास शिकल्या आहेत: आपले नाव आणि आपल्या गावाचे नाव.